जुन्या संगणकाचे नवे कार्ड

व्यापारी घरात संगणक पहिल्यांदा येतो तो हिशेबासाठी. टॅलीतील खतावणी, जीएसटीची विवरणपत्रे, ई-वे बिले एवढेच त्याचे विश्व असते. काही वर्षांनी दुकानात नवा लॅपटॉप येतो आणि जुना संगणक मुलांच्या खोलीत जातो. तेथे खतावणीची जागा खेळ घेतात. मग एखाद्या सुट्टीत जेवताना मुलगा विषय काढतो, "पप्पा, गेम अडखळतो. नवे कार्ड घ्यावे लागेल." कार्ड म्हणजे लग्नाचे किंवा दुकानाचे, एवढीच ओळख असलेल्या वडिलांना त्या कार्डाची किंमत वीस-पंचवीस हजार आहे असे समजल्यावर हातातला घास हातातच राहतो.

कापडाचा व्यवसाय असलेल्या एका घरातील संगणक या बाबतीत नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. सहाव्या पिढीचा आय-५ ६५०० प्रोसेसर, एच ११० जातीचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि नंतर बसवलेले जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे कार्ड. प्रोसेसर २०१५ सालचा, कार्ड २०१६ सालचे. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने पन्नास हजारांचा संगणक नऊ वर्षांनी पुस्तकात जेमतेम पाचशे रुपयांचा उरतो. पाचशे रुपयांच्या वस्तूवर पंचवीस हजार घालायचे काय, हा वडिलांचा प्रश्न व्यापाऱ्याला साजेसाच होता. मुलाचे म्हणणे असे, की पुस्तकातली किंमत काहीही असो, यंत्र अजून चालते आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणून निर्णय मोजमापावर सोपवण्यात आला.

मोजमापाचे कारण साधे आहे. खेळातील प्रत्येक चित्राची तयारी प्रोसेसर करतो आणि ते रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. प्रोसेसरकडून सेकंदाला पन्नास चित्रांचीच तयारी होत असेल, तर शंभर रंगवू शकणारे कार्ड आणूनही पडद्यावर पन्नासच दिसणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट प्रोसेसर सुस्थितीत असून कार्ड दमलेले असेल, तर नव्या कार्डाचा लाभ पहिल्याच दिवशी दिसतो. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी खेळ चालू असताना दोहोंवरील भार पाहावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तो दिसतो, आणि एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रणालीत अधिक स्पष्ट दिसतो. कार्डाचा भार सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाची. कार्ड साठ टक्क्यांवर रेंगाळत असून प्रोसेसर शंभरावर पोहोचला असेल, तर कार्ड बदलून पदरात फारसे पडत नाही. आणखी एक परीक्षा म्हणजे खेळाचे रिझोल्यूशन कमी करून पाहणे. तरीही वेग वाढला नाही, तर दोष प्रोसेसरकडे आहे असे समजावे.

या घरातील मुलाने आठवडाभर वहीत नोंदी ठेवल्या. वडिलांना हे विशेष आवडले. व्हॅलोरंट या खेळात जुने कार्डच अर्धे रिकामे राही आणि प्रोसेसर धापा टाकी. सायबरपंक २०७७ मध्ये मात्र कार्ड ९९ टक्क्यांवर, त्याची ४ जीबी स्मृती काठोकाठ भरलेली आणि संगणकाची ८ जीबी रॅमही संपलेली. म्हणजे एकाच यंत्राविषयी दोन खेळांनी दोन वेगवेगळे निकाल दिले. 'कोणते कार्ड चांगले' हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. कोणता खेळ, कोणत्या पडद्यावर, हे आधी ठरले पाहिजे. घरातला पडदा १०८० पिक्सेलचा आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा असेल, तर त्यापुढच्या क्षमतेसाठी मोजलेला पैसा त्या पडद्यावर दिसतच नाही.

सगळे नवे खेळ जुन्या संगणकावर आणण्याचा हट्टही सोडावा. २०२४ च्या अखेरीस आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या खेळाला रे ट्रेसिंग करू शकणारे कार्ड सक्तीचे आहे. आरएक्स ६६०० हे कार्ड त्याच्या किमान अटीत बसते, परंतु त्याच अटींत इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-७ प्रोसेसर मागितलेला आहे. कार्ड पात्र ठरले तरी सहाव्या पिढीचा आय-५ मागेच राहतो. अशा खेळासाठी नवा संगणकच लागेल, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावे. नंतरची निराशा टळते.

आता ज्या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याकडे वळू या. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसवलेला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो बहुतेक घरांत कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट आलेला असतो. त्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे लिहिलेले असते. ते वाचून समाधान मानू नये. खाली बारीक अक्षरांत जो तक्ता असतो, त्यातील १२ व्होल्टचा रकाना वाचावा, कारण प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः तेथूनच वीज घेतात. तेथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसरचे ६५ आणि आरएक्स ६६०० चे १३२ मिळून १९७ होतात. पंखे आणि डिस्क अजून हिशेबात धरलेच नाहीत, तरी खर्च जमेपेक्षा अधिक! जीटीएक्स १०५० टीआय केवळ ७५ वॅटचे असून त्याच्या बहुतेक आवृत्त्या सगळी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच घेतात. त्यामुळे या डब्याची खरी कसोटी आजवर लागलेलीच नव्हती.

नव्या कार्डाला सहसा ६ किंवा ८ खिळ्यांची स्वतंत्र वीजजोडणी लागते. पहिली ७५ वॅटसाठी, दुसरी १५० वॅटसाठी असते. जुन्या डब्यात ती नसली की दुकानदार मोलेक्सचे एक जोडवायर हातावर ठेवतो आणि "चालतंय" म्हणतो. चालते खरे, पण बारीक तारेतून जादा प्रवाह वाहू लागला की ती तापते. स्वस्त डबा जळताना एकटा जळेलच असे नाही, मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. व्यापारी घरात या जोखमीचा अर्थ निराळा आहे. त्या जुन्या डिस्कवर दुकानाचे जुने टॅली अजून पडून असते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. या घरात वडिलांनी सहज विचारले, "आपला जुना डेटा कुठे आहे?" उत्तर मिळाले, "याच मशीनमध्ये." दुसरी प्रत कोठेही नव्हती. कार्डाची चर्चा त्या दिवशी तेथेच थांबली. आधी बाहेरची डिस्क आणून सर्व वर्षांच्या प्रती काढल्या गेल्या आणि एक प्रत पेढीच्या कपाटात ठेवली गेली. कॅबिनेटचा स्क्रू त्यानंतरच उघडला.

उमेदवार कार्डे फार नाहीत. डबा बदलायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची, ७० वॅटची आवृत्ती पाहावी. तिच्या बहुतेक नमुन्यांना वेगळी वीजजोडणी लागत नाही. याच नावाची ८ जीबीची आवृत्ती १३० वॅटची आहे, म्हणून बिलावर आकडा वाचूनच पैसे द्यावेत. आरएक्स ६५०० एक्सटी नाव मोठे असूनही टाळावे. ते मदरबोर्डाशी चारच मार्गिकांनी जोडले जाते. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीवर ते एक वेळ खपते, पण जुन्या मदरबोर्डाची तिसरी पिढी त्याच्या निम्मीच वाहतूक देते, आणि ४ जीबी स्मृती भरली की खेळ अडखळू लागतो. आरएक्स ६६०० आठ मार्गिकांचे व ८ जीबीचे असल्याने त्याला तिसऱ्या पिढीचा फारसा त्रास होत नाही. इंटेलची आर्क कार्डे आकर्षक दिसतात, परंतु त्यांना रिसायझेबल बार ही सोय लागते, आणि ती इतक्या जुन्या मदरबोर्डांत सहसा मिळत नाही. मुलाच्या मनात होते आरटीएक्स ४०६०. कार्ड उत्तम आणि ११५ वॅटचे, म्हणजे वीजही बेताची. पण या प्रोसेसरबरोबर त्याची बरीचशी ताकद निजून राहिली असती.

जुन्या बाजाराचा मोह व्यापारी मनाला अधिक असतो, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फेरी मारली तर तो वाढतोच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचे खनन करणे बंद झाले आणि अहोरात्र राबलेली कार्डे बाजारात आली. तशी सर्वच खराब नसतात, पण पंखे झिजलेले आणि हमी संपलेली असण्याचा संभव मोठा. शिवाय आरएक्स ५८० च्या नावाने '२०४८ एसपी' ही कमी गाळ्यांची आवृत्ती गळ्यात मारली जाते. मूळ कार्डात २३०४ गाळे असतात. मूळ बिल, त्यावरचा व कार्डावरचा एकच अनुक्रमांक, जीपीयू-झेड या प्रणालीतील तपासणी आणि अर्धा तास डोळ्यांसमोर चालवून पाहणे, यांतले एक जरी नाकारले गेले तर सौदा सोडावा.

बिलाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. कार्डावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि घरात लगेच कोणीतरी सुचवते, "दुकानाचा नंबर टाक, क्रेडिट मिळेल." वैयक्तिक वापराच्या वस्तूवर क्रेडिट घेणे कायद्याच्या कलम १७(५) ने रोखलेले आहे. मुलाच्या खेळाचे कार्ड पेढीच्या खर्चात घुसवू नये. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचेही तसेच. क्रेडिट कार्डावरील अशा हप्त्यांत व्याज असतेच, ते किमतीतील सवलतीने भरून दाखवलेले असते आणि त्या व्याजावरचा जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो. रोखीने देण्याची ऐपत असताना हप्ता कशाला?

या घरात तीस हजारांची मर्यादा ठरली. तिच्यात नवे आरएक्स ६६००, ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस आणि रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी बसली. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हे मुलाने दुकानात जाण्याआधीच कापडाच्या टेपने मोजले होते. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, हे वडिलांना समजले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पुढच्या मशीनला हे कार्ड चालेल?" कार्ड आणि डबा दोन्ही चालतात. होकार त्या उत्तरावर मिळाला, आणि या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, ही अट वडिलांनी घातली.

बसवणी घरीच झाली. आधी जुन्या कार्डाची ड्रायव्हर प्रणाली काढली, मग वीज बंद करून कार्ड बदलले. संगणक सुरू झाला, पण पडदा काळाच. मुलाचा चेहरा उतरला. धाकट्या बहिणीने मागे वाकून पाहिले, तर पडद्याची केबल मदरबोर्डालाच लावलेली होती. तिने ती काढून नव्या कार्डात खोचली.