चिमणराव, तात्या विंचू, बाबुली मेस्त्री... आणि बोक्या खंय गेलो?

मंडळी, जरा लांब लिहितोय. सवडीनं वाचा, पण वाचा.

‘दशावतार’ सिनेमा 12 सप्टेंबर 2025 ला लागला तेव्हा आपल्याकडे काय वातावरण होतं ते वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं थिएटरची पायरी न चढलेली माणसं गाड्या करून सिनेमाला गेली. “काय काम केल्यान म्हाताऱ्यान!” हे वाक्य मी तेव्हा चहाच्या टपरीपासून तहसीलच्या व्हरांड्यापर्यंत सगळीकडे ऐकलं. ऐकून बरंच वाटलं. 81 वर्षांचे दिलीप प्रभावळकर आपल्या मातीतला बाबुली मेस्त्री होऊन उभे राहिले. त्याचं कौतुक आपण करणार नाही तर कोण करणार?

पण त्या सगळ्या कौतुकात मला एक गोष्ट कुठंच सापडली नाही. बॅनरवर नाही, स्टेटसवर नाही, कुणाच्या भाषणातही नाही. हा माणूस मुलांचा लेखक आहे. हौसेखातर एखादं पुस्तक काढलेला नव्हे, चांगला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला. 2011 साली, ‘बोक्या सातबंडे’साठी. हे मी दोन-तीन ठिकाणी बोलून दाखवलं. एका ओळखीच्या गृहस्थांनी उत्तर दिलं, “ता काय, पोरांसाठी लिवलला!” म्हणजे ते धरायचं नाही. आजची पोस्ट त्या एका वाक्यासाठी आहे.

प्रभावळकरांचा प्रवास आधी पटकन सांगतो, कारण नव्या पोरांना तो तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे. रसायनशास्त्र शिकलेला, औषध कंपनीत नोकरी केलेला हा माणूस. नाटकाचं वेड लागलं आणि रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात गेला. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण प्रभावळकरांनी केली होती. आता त्या नाटकाचं नाव काढलं की पोरांना वैभव मांगले आठवतात, तीच ती चेटकीण. मग 1970 च्या दशकाच्या शेवटाला मुंबई दूरदर्शनवर चिमणराव. तेव्हा आपल्याकडे टीव्ही किती घरांत होता, तो वेगळाच विषय. पुढे ‘हसवाफसवी’. नाटक स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिकाही स्वतःच केल्या. 1993 ला ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. 2006 ला ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी, आणि त्यावर राष्ट्रीय पुरस्कार. मधल्या काळात ‘गुगली’सारखं विनोदी लेखन. ‘अनुदिनी’ म्हणजे टिपरे कुटुंबाची रोजनिशी, तिच्यावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली आणि त्यातले आबा घराघरांतले आजोबा झाले.

आणि या सगळ्यात मुलांसाठी बोक्या. खरं नाव चिन्मयानंद, म्हणतात बोक्या. एक सलग कादंबरी नव्हे, भागामागून भाग आलेल्या गोष्टी. मध्यमवर्गीय घरातला उपद्व्यापी मुलगा, घरात आई-बाबा, मोठा भाऊ, आजी. खोड्या करणारा, पण समोर काही चुकीचं चाललेलं दिसलं की गप्प न बसणारा. 2009 मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, रंगमंचावरही तो येऊन गेला.

लोकांना वाटतं नट झाला, विनोदी लेखक झाला आणि मग फावल्या वेळात मुलांसाठी चार गोष्टी लिहिल्या. मला हे अजिबात पटत नाही. हा माणूस सुरुवातीलाच मुलांसमोर उभा राहिलेला आहे, आणि मुलांसमोर उभं राहणं काय असतं ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आपल्याकडे संकासूर आहे.

जत्रेतला आडदशावतार आठवा. गणपती येऊन जातो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. तोपर्यंत पुढे बसलेली पोरं अर्धी पेंगलेली असतात. मग काळा वेश, काळा बुरखा घातलेला संकासूर येतो आणि एकदम गलका होतो, “संकासूर इलो!” छोटी पोरं आईच्या पदरात तोंड लपवतात आणि पदराच्या फटीतून बघत राहतात. भीती वाटते आणि हसूही येतं, दोन्ही एकाच वेळी. बाकीचे देव शुद्ध मराठीत बोलतात, हा मात्र मालवणीत. वेद पळवणारा असुर आहे, शेवटी विष्णूच्या हातून मरणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पोरांचा लाडका तोच.

आता चेटकीण बघा, तात्या विंचू बघा. भीती आणि हसू यांची तीच मोट. मुलांना नुसतं गोड गोड आवडत नाही, हे ज्या नटानं समोरच्या रांगेतल्या पोरांचे डोळे बघून शिकून घेतलंय, त्याला मुलांसाठी लिहिताना उपदेशाचा डोस पाजावा लागत नाही. रंगमंचावर पोरं कंटाळली की लगेच कळतं, ती चुळबुळ करतात, मुतायला उठतात. मोठी माणसं सभ्यपणे जांभई दाबतात, पोरं नाही दाबत. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला हे शिक्षण सहसा मिळत नाही. बोक्याच्या गोष्टीत शहाणपणाच्या बाता कमी आणि घडामोडी जास्त, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

दुसरी गोष्ट आपल्या तालुक्याची आहे, म्हणून जरा थांबतो. आरवलीच्या जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ हे नाटक. मतिमंद मुलाच्या आई-बापाची गोष्ट, आणि त्यातला बाप प्रभावळकरांनी केला होता. मग 1991 मध्ये ‘चौकट राजा’ आला, त्यात शरीरानं वाढलेला पण मनानं लहान राहिलेला नंदू त्यांनीच केला. एकदा बाप, एकदा मूल. ही दोन्ही कामं लागोपाठच्या काळात ज्यानं केली, त्याला लहान मुलाचं मन हा टवाळीचा विषय वाटणं शक्य नाही. विनोदी नटांबद्दल आपण म्हणतो की ते दुसऱ्यांच्या नकला करतात. ‘हसवाफसवी’तल्या सहा माणसांना आपण पोट धरून हसलो खरे, पण त्यातल्या म्हाताऱ्या कृष्णराव हेरंबकरांपाशी आलो की हसता हसता घसा दाटायचा. आपले दळवीसुद्धा काय, ठणठणपाळ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवायचे आणि ‘नातीगोती’सारखं नाटकही लिहायचे. हसवणारा माणूस हलका असतो हे आपण कुठून काढलं कोण जाणे.

काही जण म्हणतील, नट प्रसिद्ध म्हणून त्याचं पुस्तक खपलं. शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड वॉलियम्स नावाचा विनोदी नट आहे, टीव्हीवर गाजलेला. त्यानं 2008 मध्ये मुलांसाठी पहिली कादंबरी लिहिली आणि मग पुस्तकांची रांगच लावली. तिथं आता ओरड अशी आहे की टीव्हीवरच्या नावांनी दुकानातली फळी अडवली, बाकीच्या लेखकांना जागाच उरत नाही. आपल्याकडे ही भीती बाळगण्याइतकी मुलांच्या पुस्तकांची दुकानंच कुठं आहेत? वेंगुर्ल्याच्या बाजारात फिरून मुलांसाठी चांगलं मराठी पुस्तक विकत घेऊन दाखवा. गाईड मिळतील, चित्रं रंगवायच्या वह्या मिळतील. आणि प्रसिद्धीवर म्हणाल तर आपल्या पोरांना तात्या विंचू माहीत आहे, बोक्या माहीत नाही. नावानं इथं काही खपलेलं दिसत नाही.

खरा मुद्दा आता येतो. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयापासून आपण कमी पटाच्या शाळांवर पुष्कळ बोललो, आणि बोलायलाच हवं. शिक्षक राहतील की जातील ही काळजी खरी आहे. पण जी शाळा आज चालू आहे, तिथल्या आठ-दहा पोरांच्या हातात वाचायला काय आहे, हे कुणी विचारत नाही. कपाट असतं, कपाटाला कुलूप असतं, किल्ली गुरुजींकडे, आणि गुरुजी कुठल्यातरी ऑनलाइन माहितीच्या मागे. मी त्यांना दोष देत नाही, एक माणूस चार वर्ग आणि दहा तक्ते कसे सांभाळणार? वाचनालयांचंही तेच. मोठ्यांच्या कादंबऱ्यांना वर्गणीदार असतो, मुलांचा विभाग मात्र कोपऱ्यातल्या एका फळीवर.

गेली वीसेक वर्षं मी इथल्या सत्कारांच्या बातम्या लिहितोय. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मग भाषणं. हे बंद करा असं म्हणणार नाही, माझंही पोट त्यावर चालतं. पण एका सन्मानचिन्हाच्या पैशात गोष्टीची निदान दोन-तीन पुस्तकं येतात. येत्या जत्रांच्या मोसमात आपल्या मंडळांनी, पतसंस्थांनी, मुंबईकर चाकरमान्यांच्या ग्रुपांनी जवळच्या एका शाळेला एक संच दिला तर बातमी मी लिहीन, फोटोसकट. ‘बोक्या’च घ्या असा आग्रह नाही. माधुरी पुरंदरे घ्या, राजीव तांबे घ्या, मतकरी घ्या. मतकरींना हाच पुरस्कार 2018 मध्ये मिळाला, त्यांच्या बालनाट्यात वाढलेल्या नटानंतर सात वर्षांनी. असो.

आणि एक सांगायचंय, ते जास्त मनातलं. दशावतारात लिखित संहिता नसते. संकासूर रात्री जे बोलतो, तो हजरजबाबीपणा, ती मालवणी, ते सगळं पहाटे पडदा गुंडाळताना हवेत विरून जातं. मोचेमाडकर, पार्सेकर अशी आपल्याच तालुक्यातली मंडळं. त्यांच्यातल्या जुन्या संकासुरांनी किती पिढ्यांची पोरं हसवली असतील, त्यातलं कागदावर काय उरलंय? प्रभावळकरांनी स्वतःचा विनोद लिहून ठेवला, म्हणून आज बोक्या आपण उघडून वाचू शकतो. आपला संकासूर मात्र तो करणारा माणूस म्हातारा झाला की त्याच्याबरोबर घरी जातो. सिनेमात म्हातारा दशावतारी बघून आपण डोळे पुसले. गावातल्या खऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी वही-पेन किंवा निदान मोबाईल घेऊन बसलंय का?

मालवणीत मुलांसाठी पुस्तक लिहिणारा लेखक आकाशातून पडणार नाही. तो जत्रेच्या मांडवात, काळ्या बुरख्याआड असू शकतो. त्याला लिहिता येत नसेल तर त्यानं सांगावं, आपण उतरवून घेऊ. कॉलेजातली पोरं रील बनवतातच, त्यातली चार जण या कामाला लागली तर उन्हाळ्यापर्यंत दहा-बारा गोष्टी सहज जमतील. चित्रं काढणारे कलाशिक्षकही आपल्याकडे आहेत. छपाईचा खर्च किती येतो ते मी विचारून ठेवतो.

ज्यांच्या घरात मुलं मोठी झाली आणि बोक्याचे भाग माळ्यावर पडलेत, त्यांनी मेसेज करा. कॅम्पापासून बंदरापर्यंत कुठंही असाल, मी येऊन घेऊन जाईन. ज्यांच्या घरात जुना संकासूर आहे, त्यांनी तर आजच करा.