जोडणे, खालसा, संपादन

मुलूख बळकावणाऱ्यांना शब्द मात्र सौम्य लागतात. इंग्रजी ‘ॲनेक्स’च्या लॅटिन मुळाचा अर्थ केवळ ‘जोडणे’. आपला ‘खालसा’ मूळचा अरबी, अर्थ ‘शुद्ध’. मोगल अमदानीत ज्या जमिनीचा महसूल थेट शाही खजिन्यात जाई, ती खालसा. १८४८ मध्ये दत्तक वारस नाकारून कंपनीने साताऱ्याचे राज्य घेतले, तेही ‘खालसा’च! १८१८ नंतर कंपनीकडे गेलेल्या इंदापुरात १८३६ साली तीस वर्षांची सारा-आकारणी आली. जोडले राज्य, सारा भरला कुणब्याने. पुढे याच तालुक्यातील गावे उजनीच्या पाण्याखाली गेली. त्याचे सरकारी नाव ‘भूसंपादन’, म्हणजे जमीन मिळवणे. मिळवली कोणी, गमावली कोणी? २०१३ चा कायदाही सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांसाठी सर्वसाधारणपणे शेतकऱ्याची संमती मागत नाही. बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी ती मागितलीच पाहिजे.