माळ राखणे हेही हवामानाचेच काम

हवामानबदलावर आपण काय करायचे, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात: झाडे लावा आणि सौर पॅनेल बसवा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो जागेच्या निवडीत. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, धाराशिव या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात या कामांसाठी सहज हाती लागणारी जमीन म्हणजे माळ. कुठे गायरान, कुठे सरकारी पड, कुठे वनखात्याचा गवताळ तुकडा. तिथे रोपांसाठी खड्डे खणले जातात, नाहीतर पॅनेलच्या रांगा उभ्या राहतात. हवामानासाठी म्हणून केलेल्या कामात माळढोक, तणमोर, लांडगा, चिंकारा यांचा उरलासुरला आसरा जातो. याबद्दल कोणी बोलले की त्याच्यावर विकासविरोधी, शेतकरीविरोधी असे शिक्के बसतात. म्हणून माळ राखण्यावरचे आक्षेप एकेक करून तपासायला हवेत. त्यांतले काही साफ चुकीचे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि एक पूर्ण खरा आहे.

पहिला आक्षेप असा: माळावर आहेच काय? दगडगोटे, कुसळ आणि ऊन. पडून असलेली जमीन कामी आली तर बिघडले कुठे?

हा समज सरकारी कागदांनीच पक्का केला आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि गवताळ भूभाग वर्षानुवर्षे पडीक म्हणून रंगवले गेले. ज्या जमिनीची नोंदच पडीक अशी, तिच्यावर काहीही उभारले तरी ती सुधारणाच ठरते. पण आषाढात दोन सरी पडल्यावर हाच माळ बघावा. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी अशी गवते एकमेकांत मिसळून वर येतात. त्यांत नाकतोडे, भुंगेरे, सरडे वाढतात, आणि त्यांच्यावर चंडोल, धाविक, खोकड आणि माळढोक जगतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे याच गवतात जमिनीवर रात्र काढतात.

माळढोकाची मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात ती बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर ते उबवते. चहूकडचे मोकळे दिसले, कोल्हा-कुत्रा लांबून कळला, तरच ते अंडे वाचते. पंधरा किलोपर्यंत भरणाऱ्या या पक्ष्याची सारी वंशवृद्धी अशा एकेका अंड्यावर चाललेली असते. आपल्याला ओसाड वाटणारा तो मोकळेपणा त्याच्यासाठी संरक्षण आहे.

दुसरा आक्षेप वृक्षप्रेमींचा आहे: मोकळ्या माळावर झाडे लावली तर कार्बन शोषला जाईल, पाऊस वाढेल, सावली होईल. यात वाईट काय?

महाराष्ट्राने 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. एवढे आकडे गाठायचे म्हटल्यावर मोकळी जमीन शोधली जाणारच. खुद्द सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली. त्यांच्या सावलीत गवत मागे हटते, झाडांवर कावळे आणि शिकारी पक्षी टपून बसतात, आणि मोकळ्यावर भरवसा ठेवणारा माळढोक ती जागा सोडतो. झाडे लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परिणाम मात्र वाईट झाला.

कार्बनचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. जंगलाच्या कार्बनचा मोठा भाग खोडाफांद्यांत, म्हणजे जमिनीच्या वर असतो. झाड वाळले, तुटले, जळले की तो हवेत परत जातो. गवताळ माळाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो. पवन्याचा एखादा जुना ठोंब खणून पाहा. वर गुडघाभर गवत दिसते, पण खाली दाट तंतुमय मुळांचे जाळे माती घट्ट धरून बसलेले असते. वणवा गेला, गुरे चरली, दुष्काळ पडला तरी पुढच्या पावसात तोच ठोंब फुटतो. जिथे वर्षाला 500-600 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळे दिवसेंदिवस कडक होत आहेत, तिथे रोपे टँकरच्या पाण्यावर जगवण्यापेक्षा हे गवत राखणे कितीतरी भरवशाचे. झाडांसाठी माळावर खड्डे आणि सलग समतल चर खोदले की नेमकी ही माती उघडी पडते. झाडे जरूर लावावीत, पण ती बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, गावठाणात आणि उजाड झालेल्या सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कोळसा जाळणे थांबवायचे तर सौर आणि पवनऊर्जा हवी. तिला जमीन लागते, वीजवाहिन्या लागतात. एका पक्ष्यासाठी साऱ्या देशाची ऊर्जा अडवायची का?

हा वाद सर्वोच्च न्यायालयात सविस्तर झाला आहे. राजस्थान आणि गुजरातेतील माळढोकांच्या प्रदेशात वीजवाहिन्या भूमिगत कराव्यात, असा आदेश न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये दिला. त्याची व्याप्ती सुमारे 99 हजार चौरस किलोमीटर होती. मार्च 2024 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो सरसकट आदेश बदलला आणि प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये अंतर्भूत आहे, असेही याच निकालात सांगितले गेले.

अतिउच्च दाबाच्या वाहिन्या लांबवर जमिनीखालून नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि फार खर्चीक आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावरून माळढोकाने मरावे, असे सिद्ध होत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. समोरचे त्याला फार थोडे दिसते, आणि उडताना तो नजर खाली जमिनीवर ठेवतो. तार दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते, आणि एवढ्या जड शरीराला ऐनवेळी वळता येत नाही. देशात दीडशेच्या आसपास उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत असा एकेक मृत्यू महागात पडतो. कमी दाबाच्या तारा पुरता येतात. मोठ्या वाहिन्यांवर चकाकत्या, फिरत्या तबकड्या बसवता येतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वाहिनीचा मार्ग आणि प्रकल्पाची जागा आधीच विचारपूर्वक ठरवणे. तो केला नाही, म्हणून वाद कोर्टात गेला.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज दारात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चांगली आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आणि रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत मोटार चालू करायला जाण्याची पाळी टळते. पण उपकेंद्राजवळची सरकारी जमीन म्हणून जेव्हा गायरान पुढे केले जाते, तेव्हा त्यावर कोणाच्या मेंढ्या चरतात, कोणते पक्षी अंडी घालतात, हे आधी बघायला हवे. घरांची छपरे, गोदामे, साखर कारखान्यांची आवारे, कालवे, चोपण झालेली जमीन असे पर्याय आहेत. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नर्मदेच्या शाखा-कालव्यावर 2012 पासून सौरवीज तयार होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या छतावरील संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सौरऊर्जा की माळढोक, हा पेच जागा ठरवणाऱ्यांच्या आळसातून निर्माण झाला आहे.

चौथा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो पूर्ण खरा आहे: माळढोकाच्या नावाखाली आमच्या जमिनी अडकवल्या.

नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झाले, तेव्हा कागदावर त्याचा विस्तार सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होता. त्यात शेते होती, वस्त्या होत्या, रस्ते आणि गावे होती. खरा गवताळ अधिवास त्याच्या तुलनेत नगण्य होता. पुढे ते क्षेत्र आक्रसून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर झाले, पण मधल्या तीन दशकांत खरेदी-विक्री, खाणकाम, बांधकाम यांवरच्या निर्बंधांनी माणसे जेरीस आली. मध्य प्रदेशातील करेरा अभयारण्यात हेच घडले. लोकांच्या खासगी जमिनी अभयारण्यात घेतल्या गेल्या, रोष वाढला आणि माळढोक तिथून कायमचा नाहीसा झाला. अखेर अभयारण्याचा दर्जाच काढला गेला.

माळढोकाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे नि:संकोचपणे कबूल करावे. नान्नजचा शेतकरी अडाणी किंवा निसर्गाचा वैरी नाही. सोनाका ही द्राक्षाची जात याच गावच्या नानासाहेब काळे यांनी दिली. पाणी आले तसे ज्वारी, करडई, मटकी, हुलग्याच्या जागी द्राक्ष आणि ऊस आले, कारण कोरडवाहूत भागत नव्हते. माळढोक त्या जुन्या पिकांतही वावरत असे. म्हणून माळाशेजारी कोरडवाहू पीक घेणाऱ्याला त्याच्या धान्याला बरा भाव आणि नुकसानीची वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे. नकाशावर हजारो चौरस किलोमीटर रंगवण्यापेक्षा लोकांच्या संमतीने राखलेले काही शे हेक्टर खरे गवत अधिक उपयोगाचे. याबाबत आक्षेपकांचे म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो. माळ राखण्याचा मुद्दा त्याने दुबळा होत नाही. तो कसा राखायचा, हे त्यातून कळते.

पाचवा आक्षेप मेंढपाळांवर आहे: मेंढ्यांनीच माळ खाल्ला. यात अर्धे सत्य आहे. एकाच तुकड्यावर बारमाही चराई झाली तर गवत खुरटते. पण धनगरांचा वाडा एका जागी राहणाराच नव्हे. पावसाळ्यात माळ, मग कापणी झालेली शिवारे, मग कोकणाकडची वाट, असे त्यांचे वर्ष फिरते. माळाचे तुकडे पडले, वाटा बंद झाल्या, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर भार वाढला. लांडग्याने कोकरू नेले तर भरपाईची तरतूद आहे, पण आज इथे आणि उद्या तिथे असणाऱ्याला पंचनाम्यासाठी खोळंबून राहणे परवडत नाही. ती प्रक्रिया मेंढपाळाच्या चालीने चालली तर लांडग्याचा सर्वांत जुना शेजारीच त्याचा राखणदार होईल.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: नान्नजला माळढोक दिसणे हीच आता बातमी होते, तर मग कोणासाठी धडपडायचे? राजस्थानात जैसलमेरजवळच्या सम येथे 2019 पासून माळढोकांचे कृत्रिम प्रजनन सुरू आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. पिल्ले वाढवता येतात, हे सिद्ध झाले. पण ती सोडायची कुठे? त्या दिवसासाठी गवत आजपासून राखावे लागेल. शिवाय माळ एकट्या माळढोकाचा नाही. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे आहेत, कर्जतजवळच्या रेहेकुरीत काळवीट आहेत, पुणे-सोलापूर पट्ट्यात लांडगे अजून पिल्ले वाढवतात.

लोकांनी मनावर घेतले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी समाज गवताळ तुकडे राखतो आहे. ज्यांच्या पूर्वजांना तित्तिराची आणि तणमोराची प्रत्येक हालचाल ठाऊक होती, तेच आज त्या रानाचे जाणते राखणदार आहेत. वेळासच्या किनाऱ्यावर ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांना सोबत घेऊन 2002 पासून कासवांची घरटी जपली, आणि कासव महोत्सवातून घरोघर उत्पन्न आले. जिथे स्थानिकांना मान आणि मोबदला मिळाला, तिथे काम टिकले.

मग नेमके करायचे काय? प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे 2002 च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढावी. गावच्या माळावर कोणती गवते आहेत, कोणते पक्षी कधी येतात, मेंढ्या कोणत्या महिन्यात असतात, हे तिच्यात जाणत्यांना विचारून लिहावे. गायरानावर वृक्षलागवड किंवा सौरप्रकल्प सुचवला गेला, तर ती नोंद ग्रामसभेत ठेवून पर्यायी जागा मागावी. माळाचे दोन-तीन भाग करून एकेका भागाला आळीपाळीने चराईबंदी द्यावी आणि वणव्याच्या काळात जाळरेषा काढाव्यात. उघड्यावर मेलेली जनावरे आणि हॉटेलचा कचरा टाकणे बंद करावे, कारण त्यावर पोसलेली भटकी कुत्री जमिनीवरची अंडी-पिल्ले संपवतात.

शहरातल्या वाचकालाही काम आहे. आपल्या सोसायटीच्या छतावर सौरसंच बसवावा. तिथे तयार झालेल्या विजेसाठी माळ लागत नाही. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी ताटात परत आणावी आणि जमल्यास थेट कोरडवाहू शेतकऱ्याकडून घ्यावी. कंपनीच्या किंवा मंडळाच्या वृक्षारोपणाला पैसे देण्याआधी ती जागा मुळात गवताची आहे का, असे विचारावे आणि असेल तर नकार द्यावा. फोटोसाठी माळावर गाडी घालू नये, घरट्याजवळ जाऊ नये.

हवामान आणि वन्यजीव ही दोन वेगळी खाती सरकारने केली आहेत; जमीन मात्र एकच आहे. ज्या उपायाने एक वाचते आणि दुसरे मरते, तो उपाय अर्धवट समजून परत पाठवावा. तुमच्या गावात ग्रामसभा होईल तेव्हा गायरानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, आणि येताना एखाद्या मेंढपाळालाही सभेला घेऊन या.