वीट कोणी पाडली?

१/ इमारतीच्या सिमेंटचा दर्जा तपासला जातो, पोलादाची ताकद मोजली जाते. वीट पाडणारे हात मोकळे होते काय, हे मात्र तपासले जात नाही. ‘आमचा व्यवहार पुरवठादाराशी, भट्टीवरचे मजूर आमचे नव्हेत’ हे ठरलेले उत्तर. ते न्यायालयात चाळीस वर्षांपूर्वीच हरले आहे.

२/ १९८२. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. रोजचे किमान वेतन ९ रुपये २५ पैसे. जमादार त्यातला रुपया कापून घेत. ‘मजूर कंत्राटदारांचे’ हा शासनाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. किमान वेतनाहून कमी दराने घेतलेले श्रम ही अनुच्छेद २३ने निषिद्ध ठरवलेली वेठच, आणि दारिद्र्याची सक्ती हीसुद्धा सक्तीच, असा तो निर्णय.

३/ डिसेंबर १९८३. फरिदाबादच्या दगडखाणी. ‘सक्ती असेलही, कर्ज सिद्ध झाल्याविना वेठबिगारी कशी?’ असा हरियाणा शासनाचा युक्तिवाद. न्यायालयाने भार उलटवला: सक्तीचे श्रम दिसले की त्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, नसल्यास मालकाने सिद्ध करावे.

४/ कारण सक्तीला साखळदंड लागत नाही, वही पुरते. ठाणे-रायगडमधील कातकरी कुटुंब पावसाळ्यातल्या उपासमारीत उचल घेते आणि दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते. हिशेब हंगामाअखेरीस, मालकाच्या वहीतून. फिटले नाही तर पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. १९७६च्या कायद्याने असे कर्जच रद्द केले. वही मात्र चालू राहिली.

५/ आता ‘जोखीम-मूल्यमापना’कडे पाहा. सेबीने २०२२-२३पासून पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यातला सक्तीच्या श्रमाविषयीचा अनिवार्य प्रश्न कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांपुरता व कार्यालयांपुरता. पुरवठा साखळीतील भागीदारांविषयीचा ऐच्छिक. वातानुकूलित कार्यालयात वेठबिगार शोधायचा आणि तो सापडला नाही म्हणून शंभर टक्के लिहायचे!

६/ साखळी लांब आहे, माग काढता येत नाही, ही सबबही पोकळ. अनेक विटांच्या खाचेत भट्टीमालकाची अक्षरे उमटलेली असतात. वीट उलटून पाहावी, भट्टी गाठावी आणि मुकादम दूर असताना मजुरांना विचारावे: उचल किती? हजार विटांचा दर काय? वही कोणाकडे? हंगाम अर्धा टाकून जाता येते का?

७/ ही उत्तरे ज्या अहवालात नाहीत, तो १९८२मध्ये फेटाळलेलाच बचाव गुळगुळीत कागदावर छापतो.