यंदा गड्ड्याला याल, तेव्हा एक सकाळ मिलच्या गल्लीसाठी ठेवा

सोलापूरकरहो,

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी तुम्ही पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून घरी येता. नंदीध्वजांना हात जोडता, होम मैदानावर फिरता, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेऊन परतता. यंदा त्यातली एक सकाळ काढा. घरातल्या थोरांना बरोबर घ्या आणि ते जिथे राबले, त्या गल्ल्यांतून त्यांच्या पायांच्या वेगाने चाला.

घाई आहे म्हणून हे आवाहन. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या आवारात आता दुकानं आणि सदनिका आहेत. लक्ष्मी-विष्णू बंद पडली, नरसिंग गिरजीही थांबली. पूर्व भागात चादरीचे माग भंगारात निघताहेत. बिडी वळणाऱ्या हजारो बायका कुंभारीकडच्या वसाहतींत राहायला गेल्या. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत, २०२४ मध्ये रे नगरात. पक्कं घर मिळालं, हे फार मोलाचं झालं. पण शेजार पांगला, आणि कुठल्या वाड्यात कोण राहत होतं, हे सांगणारी माणसंही त्याबरोबर पांगली.

कागदावर तरी काय उरलंय? १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजीतलाल चौधरी १९५० मध्ये हरले, द्वारकादास श्रीनिवास १९५३ मध्ये जिंकले. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांतला द्वारकादासांचा निकाल एक. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी आजही ‘शोलापूर मिल’ म्हणून हे खटले वाचतात. त्यांत भागधारकांची नावं आहेत. मिल बंद असताना ज्यांच्या चुली थंडावल्या, त्या साचेवाल्यांची, बदली कामगारांची नावं तिथे सापडणार नाहीत. ती फक्त आपल्या घरांत आहेत.

म्हणून आजोबांना विचारा: कोणत्या खात्यात होता, कोणती पाळी, जॉबर कोण, मिल बंद झाल्यावर घर कसं चाललं? आजीला विचारा, दिवसाला किती बिड्या वळायची, कांड्या कोण भरायचं? गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे कुंपणात ठेवलं, त्या सेटलमेंटमध्ये ज्यांची मुळं आहेत, त्यांनी कुंपणाच्या आतले दिवस सांगायला संकोचू नये. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला. तारेच्या आतून मिलमध्ये कामाला जाणाऱ्यांची हकिकत या शहराच्या इतिहासात मानाने यायला हवी. सगळं गोडच निघेल असं नाही. उष्मा, कर्ज, संपातली उपासमार, तेही लिहा.

आणि ज्या भाषेत ते बोलतील, त्याच भाषेत जपा. पद्मशाली आजीची तेलुगू, कुणाची कन्नड, कुणाची दखनी. मराठीत सारांश काढून मोकळं होऊ नका, मोबाईलवर त्यांचा आवाजच घ्या. ट्रंकेतली पगाराची चिठ्ठी, मिलचा पास, युनियनची पावती, बिडीचं कार्ड रद्दीत देऊ नका. तारीख दिसेल असा फोटो काढा, मागे नाव लिहा.

एकाच सकाळी जमायचं, तर १२ जानेवारी धरू. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर उठलं, गिरणी कामगार रस्त्यावर आले, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. पुण्याहून तुम्ही ज्या हुतात्मा एक्स्प्रेसने येता, ती त्यांच्याच नावाची. सकाळी चार पुतळ्यांपाशी वंदन करून प्रत्येकाने आपापल्या पेठेकडे निघावं.

महापालिकेला आणि सोलापूर विद्यापीठाला विनंती: हे कागद आणि आवाज ठेवायला एक कायमची खोली आणि ते नोंदवून घेणारा एक माणूस द्या. ती मिळेपर्यंत प्रत्येक गल्लीतल्या वाचनालयाने किंवा तरुण मंडळाने एक वही ठेवावी. पहिल्या पानावर गल्लीचं जुनं नाव, खाली घरवार नोंदी. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी वही घेऊन जा. कुंभारीलाही जा, तिथे जुन्या पूर्व भागातली निम्मी उत्तरं मिळतील.