नंबर जातो, डोळा तोच राहतो

वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्मवर उंची, रंग आणि रक्तगट यांच्या रांगेत ‘चष्मा आहे/नाही’ असाही एक रकाना असतो. हा रकाना ‘नाही’ व्हावा म्हणून लग्नसराईच्या आधी कितीतरी आया आपल्या लेकींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन येतात. ‘डॉक्टर, हिचा नंबर काढून मिळेल ना?’ मुलगेही येतात, पण त्यांना लग्नासाठी आणलंय असं कोणी म्हणत नाही.

शाळेत ‘ढापणी’ म्हणून चिडवून घेतलेल्या बाईला या घाईवर हसता येत नाही. म्हणून भाचीनं ‘मावशी, लेसर करायचंय, तू चल’ म्हटल्यावर मी गेले.

या लेसरची गोष्ट डोळ्यापासून सुरू होतच नाही. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. एक्सायमर लेसरच्या अतिनील किरणांनी प्लास्टिक अगदी नेमकं कोरता येतं, हे त्यांनी पाहिलं होतं. मग हाडामांसाचं काय होईल? नोव्हेंबर 1981 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस ते दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेले. किरण पडला तिथला थर उडाला आणि शेजारचं मांस भाजलं नाही, त्याच्या कडाही स्वच्छ राहिल्या. साध्या लेसरनं तेच मांस करपलं असतं. दोन वर्षांत स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर त्यांनी हे तंत्र बुबुळावर वापरता येईल असं दाखवून दिलं. आपल्याकडे ‘लेसरनं जाळतात’ असं म्हणतात ते खरं नाही. हा किरण रेणूंमधले बंध तोडतो आणि पेशींचा पातळ थर वाफेसारखा निघून जातो. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास मात्र अनेकांना येतो, आणि तो कशाचा हे आधी सांगितलं नाही तर माणूस टेबलावरच घाबरतो.

त्याआधी नंबर घालवायचा तर ब्लेड वापरत. मॉस्कोचे नेत्रतज्ज्ञ फ्योदोरोव बुबुळावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देत आणि रुग्णांच्या खाटा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे सरकत्या पट्ट्यावरून जात. पुढच्या काही वर्षांत त्या तंत्रानं केलेले बरेच डोळे हळूहळू उलट्या नंबराकडे सरकले. लेसरमध्ये ती वेळ सहसा येत नाही.

पण लेसरलाही काम करायला जागा लागते, आणि ती फार थोडी असते. बुबुळाची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 540 मायक्रॉनच्या आसपास. लॅसिक या लेसर ऑपरेशनमध्ये वरचा शंभर-एकशेवीस मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, मग एका नंबरामागे बारा-पंधरा मायक्रॉन कोरून काढतात. खाली किमान 250 ते 300 मायक्रॉन शिल्लक राहायला हवेत, नाहीतर डोळ्यातल्या दाबानं बुबुळ पुढे फुगू लागतं. नंबर मोठा आणि बुबुळ पातळ असेल तर हा हिशेब बसत नाही. तिथे डॉक्टर डोळ्यात लेन्स बसवायचा पर्याय सुचवतात किंवा सरळ नाही म्हणतात.

भाचीला नाही म्हणाले. जाडी पुरेशी होती, नंबरही दोन वर्षं स्थिर होता. कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवून ती तपासणीला गेली होती. पण बुबुळाच्या उंचसखलपणाचा रंगीत नकाशा काढल्यावर खालच्या भागात उतार जास्त दिसला. बुबुळ शंकूसारखं होत जाण्याच्या आजाराची ही सुरुवात असू शकते आणि अशा बुबुळाला लेसर लावणं म्हणजे आधीच कमकुवत असलेली भिंत आणखी खरवडणं, असं डॉक्टरांनी समजावलं. ‘डोळे चोळायचे नाहीत, सहा महिन्यांनी परत नकाशा काढू.’ बहीण बाहेर येऊन म्हणाली, ‘दुसरीकडे करून देतात म्हणे.’ देतही असतील. मला विचाराल तर नाही म्हणणारा डॉक्टर मिळाला हेच तिचं नशीब. मशिनचं काम काही सेकंदांत होतं. खरं कौशल्य त्याआधीच्या त्या तास-दीड तासाच्या तपासणीत आहे, आणि जाहिरातीत तिचं नावही नसतं.

ज्यांचं ऑपरेशन नीट होतं त्यांना दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिसतं आणि तो आनंद खरा असतो. काहींचे डोळे महिनोन्‌महिने कोरडे राहतात, कारण पापुद्रा कापताना बुबुळातल्या नसाही कापल्या जातात. काहींना रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं. चाळिशी तर कोणालाच चुकत नाही. माझा नंबर मायनस अडीच. त्यामुळे या वयातही मी चष्मा काढून अंथरुणात पेपर वाचते. लेसर केलेल्या मैत्रिणी त्याच पेपरसाठी उशाखाली चष्मा शोधतात. मी ते ऑपरेशन केलं नाही, याचं हेही एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. मोठा मायनस नंबर असतो तो बहुधा डोळ्याचा गोळा लांब असल्यामुळे. लेसरनं पुढची काच बदलते, गोळा लांबच राहतो आणि मागचा पडदा ताणलेलाच राहतो. तेव्हा चष्मा सुटला तरी पडद्याची तपासणी सोडू नये.

तुम्ही लेसर करून घेतलं असेल किंवा घेणार असाल तर एक कराच. ऑपरेशनच्या आधीचा नंबर, बुबुळाची गोलाई आणि जाडी यांचे कागद मागून घ्या आणि घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना बदललेलं बुबुळ नेहमीच्या सूत्रांना चकवतं आणि लेन्स कमी ताकदीची बसण्याचा धोका असतो. आता नवी सूत्रं आहेत, तरी जुने आकडे असले तर डॉक्टरांना ताळा करता येतो. कागद हरवले असतील तर निदान ‘माझं लेसर झालंय’ एवढं, त्यांनी विचारायच्या आधी, आपणहून सांगा.