काठावर ठेवलेली मुले

‘ख्रिस्ती धर्म बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या मुलालाही नरकात धाडतो’, हे वाक्य आपल्या सीमाभागातील व्याख्यानमालांत दरसाल कोणी ना कोणी वक्ता टाकतो आणि टाळ्या घेऊन जातो. इकडे बाजारच्या दिवशी कुठल्याशा नव्या पंथाचे तरुण प्रचारक पत्रके वाटतात, आणि येशूचे नाव न ऐकता गेलेल्या तुमच्या आजा-पणज्यांना आता सुटका नाही, असे बजावतात. वक्ता आणि प्रचारक एकमेकांचे हाडवैरी. पण ख्रिस्ती धर्माने या प्रश्नावर दीड हजार वर्षे जी घालमेल भोगली तिचा दोघांनाही पत्ता नाही. मला दोघांशीही भांडायचे आहे, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो गावचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) हा मोठा बुद्धिमान पुरुष. मूल जन्मतः निष्पाप असते असे पेलागियस नावाचा त्याचा प्रतिपक्षी म्हणे. ऑगस्टीनने विचारले, मग तान्ह्यांना बाप्तिस्मा देतो तो कशासाठी? ज्याअर्थी देतो त्याअर्थी आदामाचे पाप त्यांच्याही अंगी असलेच पाहिजे. आणि ते न धुता मेला त्याला स्वर्ग नाही. शिक्षा मात्र सर्वांत सौम्य, एवढी सवलत त्याने ठेवली. ४१८ साली कार्थेजला जमलेल्या बिशपांनी त्याच बाजूने कौल दिला. तर्कात कुठे फट नाही. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून असला बिनफटीचा तर्क मी पुष्कळ पाहिला आहे. जन्मदाखला नाही, सबब प्रवेश नाही. नियम चोख असतो आणि पोर व्हरांड्यात उभे असते.

या नियमाचे ओझे वाहिले कोणी? मेलेल्या मुलाने नव्हे, ते सुटले. वाहिले त्याच्या आईने. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ ओबरब्यूरेन येथे मरियमेचे एक देवस्थान होते. जन्मतःच गेलेली किंवा पोटातच मेलेली मुले दूरदूरहून तिथे आणीत. धगधगत्या निखाऱ्यांच्या आणि मेणबत्त्यांच्या मध्ये तो इवलासा देह ऊबदार करीत आणि ओठांवर पीस ठेवीत. ऊन हवेने पीस हलले की श्वास आला म्हणायचे, घाईघाईने बाप्तिस्मा द्यायचा आणि पवित्र भूमीत पुरायचे. कॉन्स्टन्सच्या बिशपाने १४८६ साली रोमकडे याची तक्रार केली. पुढे धर्मसुधारकांनी ते देऊळच पाडले. १९९० च्या दशकात तिथे उत्खनन झाले तेव्हा अडीचशेच्या आसपास अर्भकांचे सांगाडे सापडले. आयर्लंडमध्ये तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा मुलांना दफनभूमीत जागा नसे. बाप किंवा चुलता रात्री पेटी काखेत मारून निघे आणि शेताच्या कडेला, पडक्या गढीत, समुद्राकाठी कुठेतरी पुरून येई.

हे वाचून कोणी ‘पाहा त्यांची अंधश्रद्धा’ म्हणेल, तर त्याला एवढेच विचारीन की, त्या पिसाकडे टक लावून बसलेली आई अंधश्रद्ध, की तिला तिथवर पायी चालत यायला लावणारा सिद्धान्त?

सिद्धान्तकारांनाही चैन नव्हते, हे मात्र कबूल केले पाहिजे. बाराव्या-तेराव्या शतकांत त्यांनी एक तडजोड काढली. लॅटिनमध्ये ‘लिंबुस’ म्हणजे वस्त्राचा काठ. नरकाच्या काठावर एक जागा कल्पिली. तिथे आग नाही, यातना नाही, फक्त देवाचे दर्शन नाही. थॉमस अक्वायनसने (मृत्यू १२७४) तर सांगितले की ही मुले तिथे आपापल्या परीने सुखी असतात. आमच्या शाळेच्या भाषेत काठावर पास! तरीही १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने, केवळ मूळ पाप घेऊन मेलेलेही नरकातच उतरतात, शिक्षा तेवढी वेगळी, असे लिहून ठेवले. प्रॉटेस्टंटांनी फार निराळे केले असे कोणी समजू नये. लूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, बाप्तिस्म्याविना मुले तरतात असे म्हणणाऱ्यांचा धिक्कार आहे.

मुलांचा जो प्रश्न तोच दूरदेशीच्या मोठ्या माणसांचा. इटलीचा महाकवी दान्ते (मृत्यू १३२१) याने आपला काव्यगुरू व्हर्जिल यालाही त्या काठावरच्या प्रदेशात ठेवले, पण त्याच्या मनाला ते सलत राहिले. स्वर्गवर्णनाच्या एकोणिसाव्या सर्गात तो सिंधूच्या तीरावर जन्मलेल्या माणसाचे उदाहरण घेतो. तिथे ख्रिस्ताविषयी सांगणारा कोणी नाही, माणूस आचाराने निर्मळ आहे, तो तसाच मेला. त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता? त्याला उत्तर मिळते ते एवढेच की, मर्त्याने देवाच्या न्यायासनावर बसू नये. हे उत्तर झाले नाही. पण सातशे वर्षांपूर्वी, हिंदुस्थानाचे तोंडही न पाहिलेल्या ख्रिस्ती कवीने आपल्या वतीने प्रश्न विचारला, एवढे तरी आमच्या वक्त्यांनी ध्यानी घ्यावे.

हाच प्रश्न पुढे फ्रान्सिस झेवियरसमोर हाडामांसाची माणसे घेऊन उभा राहिला. १५४२ साली गोव्याला उतरलेला झेवियर १५४९ साली जपानला पोहोचला. तिथे जे ख्रिस्ती झाले त्यांनी विचारले, आमचे मेलेले आईबाप, आमची मुले, त्यांचे काय? दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना बाहेर काढता येणार नाही का? झेवियरने सांगितले, नाही. ती माणसे रडली. १५५२ च्या आरंभी कोचीहून धाडलेल्या पत्रात त्याने हे स्वतः लिहिले आहे, आणि उपाय नाही अशा गोष्टीसाठी मित्र रडताना पाहून मलाही दुःख होते, अशी कबुलीही दिली आहे. जुन्या गोव्यात २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या त्याच्या शवप्रदर्शनाला आपल्याकडची कितीतरी हिंदू माणसेही जाऊन आली. गोंयच्या सायबापुढे मेणबत्ती लावणाऱ्या त्यातल्या कोणाला ते पत्र ठाऊक असेल असे वाटत नाही.

माझे म्हणणे असे की त्या रडणाऱ्या जपान्यांचे बरोबर होते आणि झेवियरचे चुकले. आणि हे मी हिंदू म्हणून बोलत नाही, त्याच्याच चर्चने पुढे जे मान्य केले त्याच्या आधारे बोलतो. १९०३ साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांनी, बालपणी मेलेली सर्वच मुले तरतात असे जाहीर केले. १९५१ साली पोप बारावा पायस सुइणींपुढे बोलताना, तान्ह्यांना बाप्तिस्म्यावाचून दुसरा मार्ग नाही, हेच सांगत होता. पण १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, आपला दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही पण जे सदसद्विवेकाने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असा निर्वाळा दिला. १९९२ च्या धर्मशिक्षाग्रंथाने तान्ह्यांना देवाच्या दयेवर सोपवले. शेवटी एप्रिल २००७ मध्ये रोमच्या धर्मतत्त्व आयोगाचा प्रबंध पोपच्या संमतीने प्रसिद्ध झाला: ही मुले तरतील अशी आशा धरायला भक्कम कारणे आहेत. आशा म्हटले, खात्री म्हटले नाही. काठावरची ती जागाही एक संभाव्य मत म्हणून शिल्लक ठेवली.

इथे माझी तक्रार आहे. निर्णय देताना खात्रीची भाषा, मागे घेताना आशेची, हे कसले माप? फ्लॉरेन्सला ‘आम्हाला असे वाटते’ म्हणून कोणी लिहिले नव्हते. ज्यांनी रात्री पेटी वाहिली त्यांना आशेपेक्षा काही अधिक देणे लागत होते.

पत्रकवाल्या तरुणाने, आपण कोणत्या सालचा ख्रिस्ती धर्म वाटतो आहोत, हे आधी ठरवावे. रोमचा शब्द आमचा पंथ मानीत नाही, असे तो म्हणेल. न मानो. माझ्या शाळेत ज्या बाकावर डिसोझांचे पोर बसते त्याच बाकावर पाटलांचेही बसते, आणि पाटलांच्या पोराच्या हाती तो ‘तुझी आजी जळते आहे’ असे लिहिलेला कागद देतो. असला कागद हाती देताना त्या पोराच्या डोळ्यांकडे पाहायची त्याची तयारी असावी. झेवियरने निदान तेवढे केले होते.

आणि आपले वक्ते? मनुस्मृतीचा पाचवा अध्याय त्यांनी उघडावा. दोन वर्षांच्या आत गेलेले मूल गावाबाहेर पुरावे, त्याला अग्नी नाही, उदक नाही, रानात लाकूड टाकून यावे तसे ठेवून यावे, अशी तिथली आज्ञा आहे. नरक नाही हे खरे. पण मूल का गेले याचे उत्तर आमच्याकडे तयार असते: गेल्या जन्मीचे काहीतरी असेल. कोणाचे, हे उघड कोणी बोलत नाही. पण सगळ्यांच्या नजरा आईकडेच वळतात. दहाव्याच्या आधीच तिच्याजवळ बसून कोणीतरी हे वाक्य हलकेच उच्चारते. मी ते पदवीधरांच्या घरांत ऐकले आहे, आणि एकदा तर ज्या बाईने ते उच्चारले तिचेही एक मूल पाळण्यातच गेलेले होते.